विमलच्या अंगणातली नवी माती

विमलच्या दारात नव्या मातीचा ट्रॅक्टर रिकामा झाला, त्या दिवशी माझी चूल पेटलीच नाही. मी आपली खिडकीत उभी... नुसती पाहत.

भोपाळचं वायूकांड होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या टोकाला आमची वस्ती. विमलच्या घराला लागून एक बंद गोदाम होतं, कपाशीवर मारायच्या औषधाचं. मालक केव्हाच निघून गेला, पोती फुटली, आणि दर पावसात ती पावडर वाहत आमच्या अंगणांत यायची. विहीर दोघींची एकच... तिच्या पाण्यालाही औषधाचा वास.

आधीचा नियम म्हणे एवढाच होता, की अशा गोदामाला कुलूप लावा. भोपाळनंतर तो बदलला. खराब माती उकरून न्यायची आणि चांगली भरायची. पण कुठवर? तर गोदामाची भिंत ज्या घराला लागते तिथवर. म्हणजे फक्त विमलचं घर. कुंपणापलीकडचं आमचं अंगण त्यात बसतच नव्हतं.

विमल माझी जिवाभावाची. बोरगावच्या बागेत संत्रा तोडायला आम्ही सोबत जायचो. पण खरं सांगते, त्या दिवसांत तिचं तोंड पाहवत नव्हतं. तिच्या दारात मेथी उगवली, वांगी लागली. बाया पाहायला यायच्या. खणायला आलेल्या साहेबानं आपल्यालाच विचारून खणलं, हे विमल येईल तिला सांगायची.

आणि त्या पावडरीनं माझ्या लेकीच्या पायावर आलेले चट्टे काही जात नव्हते. विमलच्या पोरांचे कमी होऊन राहिले होते... ते तर मला सगळ्यात जास्त लागलं.

एक दिवस तिनं मायेनं मेथीची जुडी आणून दिली. ती गेल्यावर मी ती गाईपुढे टाकली. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन छिंदवाड्याची बस धरली.

आमचे हे म्हणाले, "तुले तिथं कोण ओळखते?" कोणीच ओळखत नव्हतं. घाटात लेकीला उलट्या झाल्या. जिल्ह्याच्या सरकारी ऑफिसच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसून राहिलो...

साहेब हिंदी बोलणारे, माझी हिंदी मोडकी. नियमाचं मला काय कळत होतं? विमलला मिळालं ते मला पाहिजे, एवढंच सांगितलं. त्यांनी लेकीचे पाय पाहिले आणि कपाटातून एक फाईल काढली.

मग म्हणाले, नियम पुन्हा सुधारलाय. आता भिंत पाहायची नाही, जिथवर विष सापडेल तिथवरची माती काढायची. सौंसरला ते कोणी कळवलंच नव्हतं.

काही दिवसांनी माणसं आली. आमचं घर उताराला, त्यामुळे विष आमच्याकडेच जास्त मुरलेलं निघालं. अंगण विमलच्याहून खोल खणावं लागलं. त्याच मातीत माझी लेक खेळत होती. मग चांगली काळी माती भरली, विहीर बुजवली आणि पाणी तपासून हँडपंप बसवला, तो आमच्या दारात.

संध्याकाळी विमल पाण्याचा पितळी गुंड घेऊन आली. पंपाजवळ उभी राहून बराच वेळ अंगण पाहत राहिली.

"तुही माती माह्याहून काळी हाय वं," ती म्हणाली. "मले पाहवून नाही राहिलं."

"मले बी नव्हतं पाहवत," मी म्हटलं.

मी हापसत गेले, ती गुंड भरत गेली.

लेकीचे पाय त्या हिवाळ्यात साफ झाले. आता ती स्वतः दोन पोरींची आई आहे. कुठंतरी टेबलाशी बसून तो नियम सुधारणारी माणसं कोण होती, मला माहीत नाही... त्यांचे उपकार मोठेच. पण विमलचा एवढा हेवा वाटला नसता, तर मी घराबाहेर पडलेच नसते. म्हणून आज थोडे आभार त्या हेव्याचेही.