कोपऱ्यातला अंगठा

रामदासदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी भंडाऱ्यात कम्प्युटरला शिव्या घालत बसलो होतो. माझा फोन केबलने जोडला होता, ड्राइव्हही दिसत होता, पण आत रिकामं. आता दादालाच विचारू म्हणून नंबर काढतोय, तोच वहिनींचा फोन...

दादा माझा चुलतभाऊ, कोंढ्याच्या शाळेत शिपाई. निवृत्तीनंतर कोणाचाही कागद दिसला की टेबलावर ठेवायचा, उडू नये म्हणून डाव्या अंगठ्याने दाबायचा आणि फोटो काढायचा. जाड बोटांना फोनवर टाइप जमेना, म्हणून केबल लावून कम्प्युटरवरून फोल्डरला नावं द्यायचा... ‘लिंबाजवळचे’, ‘गिरणीवाले’. फाइली मात्र फोनमध्येच. “कम्प्युटर घरी रायते, फोन माह्यासंगं बाजारात येते. कोणाले कागद लागला तर तिथंच दाखवतो.” फोनला कुलूप नाही. “लोकायचे कागद, कुलूप कायले?”

परवा कोंढ्याला गेलो, तर शेजारची, लिंबाजवळच्या घरातली शीला लेकीला घेऊन बसलेली. लेकीचा नर्सिंगचा प्रवेश अडला होता, जातीचा दाखला वाळवीने खाल्लेला. “नंबर दिसला तरी दुसरी प्रत निघते, भाऊ. दोनच दिवस रायले.” दादाच्या फोनची काच शेवटच्या दिवसांत पडून अर्धी काळी झालेली, त्यात फोटो दिसेना. मी शहरातला जाणकार! ऐटीत केबल लावली. ड्राइव्ह आला. आत रिकामं. केबल उलटसुलट केली, कम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. शीलाचा चेहरा उतरत चालला. “पुसलं गेलं का जी सगळं?”

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हे तुम्हाले काय सांगत होते? कम्प्युटरकडे काहून पाहून राहिला, फोन काय विचारते ते पाह्य...”

तीनदा शिकवलं होतं त्याने. फोन हातात घेतला. उजळ राहिलेल्या अर्ध्या काचेवर तो मुकाट्याने परवानगी मागत होता. ‘अनुमती द्या’ दाबलं आणि सगळं गाव पडद्यावर आलं.

‘लिंबाजवळचे’मध्ये दाखला सापडला. नंबर स्वच्छ. लेकीने वहीत उतरवला, पुन्हा ताडून पाहिला, तेव्हा कुठे शीलाने पाणी मागितलं. फोटोच्या कोपऱ्यात दादाचा अंगठा होता, शाळेची घंटा पडून चेपलेल्या नखाचा. दुसरे फोटो उघडले. प्रत्येक कागदावर तोच.

फोटो कापायची विद्या मला नुकतीच आलेली. म्हटलं, “वहिनी, हा अंगठा काढून टाकतो. कागद साफ दिसेल.”

वहिनी पदराला हात पुसत पडद्याजवळ आल्या.

“राहू द्या ना भाऊजी,” त्या म्हणाल्या. “कागद उडून जाईल.”