टिचकी मारली अन् बोट भद् वाजली

धाड! पान्यातला गोटा बोटीले लागला अन् मी लेकरासकट बोटीच्या बुडात आपटली. वैनगंगेच्या मधातच. मी वरडली, "अवो, पानी आलं का? पानी आलं का?" आमचे मालक, म्हंजे माझा नवरा, वल्हं सोडून खाली चाचपून राहिले. कोरडं. थेंब नाई.



बोट फायबरची, पंचायतीनं घाटावर देल्ली होती. त्याच्या अगोदर आमच्या घरचा लाकडाचा डोंगा चाले. मामाजीनं, म्हंजे सासऱ्यानं, बोट पालथी करून पाह्यली. रंगाले एक चरा, बस. म्हने, "दोन दिवस पान्यात बुडवून ठेवा. फुगून बसते." डोंग्याचं लाकूड तसंच फुगे अन् फट बुजे. पन हे लाकूड होतं का? तिसरी शिकलेली सून काय बोलन!

तिसऱ्या दिवशी अड्याळचा बाजार. दोन दिवस बुडवलेली बोट सकाळपासून रेतीवर पालथी, उन्हात वाळून राहिली. पलीकडं एसटी धरायले बाया, टोपले, लेकरं, सारे उभे. नदी भरून. मी बोटीवर टिचक्या मारत गेली, मडकं घेतानी मारतो तशा. टन्, टन्, टन्... चऱ्यापाशी भद्. हातभर जागा नुसती भद्, फुटक्या मडक्यावानी.

"मामाजी, हे आतून फुटली आहे."

"मडकं घेऊन राहिली का वो?"

बाया हासल्या. एक म्हने, "दोन घेजो, मलेबी एक!"

मालक म्हनाले, "सरक. लोकं खोळंबले. बुडली तं मी पोहीन."

"तुमी पोहसान. या लेकरायले कोन काढन?"

एक पोट्टी चढाले पाय उचलून उभीच होती. मी टोपल्यातला विळा उचलला. डोक्यावरचा पदर पडला, पडू दे. बोट चांगली निंगाली असती तं घरादाराची रोजी मीच बुडवली असती. हानला! टोक मेनात घुसावं तसं घुसलं, अन् आतून पानी निंगालं, पांढुरकं, वाळल्या बोटीतून. दोन थरायच्या मधात जमून होतं.

चढाले उभ्या पोट्टीनं पाय मांगं घेतला.

मामाजी तरी म्हने, "भोक तूच पाडलं." सहा महिने माझ्या हातचं पानी घेतलं नाई त्यायनं. मी म्हटलं, नका घेऊ. माफी तवाबी मांगतली नाई, आताबी नाई मांगत.

तुमीच सांगा. नदी भरून, लेकरं चढून राहिले, अन् टिचकी मारली का बोट भद् वाजे. तुमी काय केलं असतं?