केळीच्या खोलीतली गरम गादी

आमच्या शेडमध्ये मोटारीच्या सीटच्या गाद्या शिवतात. खाली पातळ फोम, वर जाड कापड आणि मध्ये नागमोडी बसवलेली तार. बटण दाबलं की तार तापते. जिथे बर्फ पडतो तिकडच्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांत त्या बसवतात. आमच्या सुपरवायझरांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांनी एकदा समजावलं होतं की त्या गाड्यांना इंजिनाची ऊब नसते, आतली सगळी हवा तापवायची तर बॅटरी लवकर उतरते, म्हणून बसणाऱ्यालाच खालून शेकायचं. चामडं थंडीत फार गार लागतं, म्हणून कापड. ऐकून मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवते.

मागच्या मे महिन्यात गाद्या तापेनाशा झाल्या. बटण दाबा, दिवा लागतो, पण ऊब नाही. भाऊंनी आठ-दहा गाद्या उसवायला लावल्या. तार नीट होती. शेवटी पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला. त्याने विचारलं, तुमच्या शेडमध्ये आत्ता किती गरम आहे? भाऊंनी सांगितलं तसा तो हसायला लागला. गादीच्या आत एक सेन्सर असतो. बसायची जागा आधीच तापलेली दिसली तर तो तार तापूच देत नाही. जळगावच्या मे महिन्यात गादीला वाटायचं, झालं की काम.

आता थंड जागा आणायची कुठून? शेजारी केळी पिकवायच्या गार खोल्या आहेत, आमच्या शेठच्या नात्यातल्या एकाच्या. त्यातली एक रिकामी होती. तिथे लोखंडी सांगाड्यावर सीट बसवली आणि गादीवर दहा मिनिटं बसून पाठ, कंबर, मांडी, तिन्हीकडे ऊब येते का ते सांगायला एक बाई हवी होती. बाईचं वजनही इंजिनियरने ठरवून दिलं होतं. आम्हा सगळ्यांना केळी तोलायच्या काट्यावर उभं केलं. माझं वजन बरोबर भरलं.

"रावेरच्या केळीचा माल, एक नंबर," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. मला काट्यावरून उतरायचीसुद्धा लाज वाटली.

पण खोलीत गेले आणि दार लागलं, तेव्हा मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझं माहेर साक्रीकडचं. तिथली थंडी अंगात असते. पण थंडी म्हटली की पहाटे उठून पाणी भरायचं, शेण काढायचं, बाकीचे शेकत बसायचे. इथे थंडीत मलाच बसायला सांगितलं होतं. केळीचा गोडसर वास होता. घरून आणलेला स्वेटर घातला. पाच मिनिटांनी कमरेत ऊब शिरली. बारा वर्षं मशीनवर वाकून माझी कंबर धरलेली आहे. ती हळूहळू सुटायला लागली. दहा मिनिटं झाल्यावर मी कागदावर लिहिलं, ऊब आहे. भाऊ म्हणायचे, ओके लिहा ताई. पण मी ऊब आहे असंच लिहायचे. चौथीपर्यंतच शिकले, तरी तेवढं नीट येतं.

तीन आठवडे मी बसले. संध्याकाळी घरी जाऊन भाकरी टाकताना पाठ दुखत नव्हती. हे काम सुटू नये असं मला फार वाटायचं. कामाबद्दल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गादीच्या मागे खडूने शिवणारीचा नंबर असतो. सात नंबर अक्काचा. अक्का शिंदखेड्याकडची, साठीला टेकलेली. मला ह्या कामावर तिनेच आणलं. तारेच्या कडेने टीप कशी मारायची, तार हाताला कशी लागते, हे तिनेच माझं बोट धरून शिकवलं. सुई तारेत गेली तर दोन गोष्टी होतात. तार तुटली तर तेवढा भाग गार राहतो. नुसती सोलली गेली तर तिथे चटका बसतो.

एक दिवस सात नंबरच्या गादीवर बसले, तर डावी मांडी गारच राहिली. मी दहा मिनिटांच्या वर बसून बघितलं. मग लिहिलं, ऊब आहे. दोन दिवसांनी परत तसंच. परत लिहिलं. लिहिताना अक्षर वाकडं आलं. पुढच्या आठवड्यात सात नंबरच्या गादीने उजव्या मांडीला मुंगी डसावी तसा चटका दिला. मी उठून उभी राहिले. साडीवर बारीक पिवळा ठिपका पडला होता.

ह्या गादीला मी काहीच लिहिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत अक्काजवळ घेऊन गेले. ती एकटी डबा खात होती.

"अक्का, ही तुमची."

तिने गादी डोळ्यांजवळ नेली नाही. बोटांनी टीप चाचपत गेली आणि एका जागी थांबली.

"हाई शे ना?"

"हो."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "सहा महिनापासून दिखत नही नीट. बोटवर शिवी ऱ्हायनू."

"डॉक्टरला दाखवलं?"

"मोतीबिंदू सांगस. ऑपरेशन कर म्हनस, महिनाभर घर बठ म्हनस. महिनाभर घर बठनू तर मनी मशीन कोन ठेवी?" तिने डब्याचं झाकण लावलं. "तू सांगी दे भाऊले. मी सांगाव नही."

"आधीच्या दोन गाद्या मी पास केल्या."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तिला कितपत दिसत होते कोण जाणे.

"येडी शे तू," ती म्हणाली. "त्यावर कोना पोर बठी."

त्या दुपारी मी खोलीत बसले, पण ऊब अंगाला लागली नाही. सांगितलं तर अक्का जाते. नाही सांगितलं तर त्या दोन गाद्या गठ्ठ्यात बांधलेल्या आहेत, आणि अक्काच्या हातून चटक्याची अजून एखादी होणारच. कुठल्या वेळी जाऊन काय बोलायचं तेच ठरवत राहिले. सुट्टी व्हायच्या आधी भाऊंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"काय ताई?"

मी सगळं सांगितलं. माझं लिहिणं खोटं होतं तेही सांगितलं. भाऊ ओरडले नाहीत. त्यांनी दोन बायकांना गठ्ठा सोडायला लावला, सात नंबरच्या सगळ्या गाद्या बाजूला काढल्या आणि कपाळ चोळत बसले.

"अक्काला उद्यापासून येऊ नका म्हणा," ते म्हणाले. "आणि तुमचं काय करू?"

तेव्हा मी जे बोलले तेवढं एका दमात मी शेडमध्ये कधीच बोलले नव्हते. म्हटलं, "अक्काला खोलीत बसवा. बसायला डोळे लागत नाहीत. मी मशीनवर जाते. खोटं मी लिहिलं, तिने नाही."

"अक्का काट्यावर भरेल का?"

अक्का भरली नाही. हाडंच नुसती. काट्याजवळ भाऊ जरा थांबले, मग शेजारच्या क्रेटमधून केळीच्या दोन फण्या उचलून तिच्या हातात दिल्या. काटा जागेवर आला.

"मांडीवर घेऊन बसत जा," ते म्हणाले. "खाऊ नका फक्त. वजन कमी होईल."

"दात कुठं शेत खावाले," अक्का म्हणाली.

लिहिता येत नाही म्हणून तिच्यासाठी ठरलं, ऊब असेल तर एक रेघ, नसेल तर फुली. ऑपरेशनच्या महिन्यात जागा ठेवीन असं भाऊंनी तोंडी सांगितलं. मध्ये एकदा मी त्यांना आठवणही करून दिली. मान हलवून नाही, बोलून.

मी मशीनवर परत आले. वरचे पत्रे तापलेले असतात, पंख्याची हवासुद्धा गरम येते. आठ दिवसांत कंबर परत होती तशी धरली. घरी गेले की आधी भिंतीला पाठ टेकून बसते, मग पीठ मळायला घेते. खोलीतली ती ऊब आठवायची नाही असं ठरवलं आहे. कापड हातात घेतलं की आठवतेच.

परवा अक्का खोलीतून बाहेर आली. अंगात माझाच स्वेटर, काखेत एक गादी. माझ्या मशीनवर ठेवली. मागे खडूने माझा नंबर होता, पुढे कागदावर फुली.

"डावी मांडी गार शे," ती म्हणाली. "टीप सरकनी तुनी."

मी बोट फिरवून बघितलं. खरंच सरकली होती. दुपारी डोळ्यांवर झापड येते, तेव्हाची असेल.

"राहू द्या ना अक्का, एवढी एक."

"नही," ती म्हणाली, आणि उभीच राहिली.

मी कात्री घेतली आणि टीप उसवायला लागले.