कावीळ उतरेना तेव्हा

मुलगी नुकती चालायला लागली होती, त्या वर्षी माझ्या नवऱ्याला कावीळ झाली. ते मोहोपाड्याजवळच्या केमिकल कारखान्यात होते, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते.

साधी कावीळ, असंच सगळे म्हणाले. माझी धाकटी नणंद कुंभिवलीहून मुळ्यांची माळ घेऊन आली. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणे. माळ छातीवरून पोटापर्यंत आली, पण डोळे हळदीसारखेच राहिले. अंगाला खाज इतकी, की ते झोपेतही रक्त येईपर्यंत खाजवत. पोटात उजवीकडे दुखायचं, ते लपवायचे.

एके दुपारी मोरीत वाकले आणि ओरडले, "अगं, मला धर!" उलटीत रक्त होतं.

शेजारणीकडे मुलीला ठेवून कारखान्याच्या गाडीतून आम्ही त्यांना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्त चढवलं, तपासण्या झाल्या. सर्जन म्हणाले, "पित्ताच्या नळीत अडथळा आहे. खडा असेल, नाहीतर गाठ. पोट उघडल्याशिवाय कळणार नाही."

गाठ म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळलं. आत नेताना ते म्हणाले, "काय बी झालं तरी नोकरी सोडू नको."

"काय नाय होत," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

बाहेर बाकावर मी आणि नणंद बसलो. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि सर्जन स्वतः बाहेर आले. ऑपरेशन अर्धवट टाकून डॉक्टर बाहेर येतो म्हणजे संपलं, असंच मला वाटलं.

"बाई, खडा नाही, कॅन्सरही नाही. यकृताकडे जाणारी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलीय आणि पित्ताच्या नळीवर दाबून बसलीय. गाठ समजून सुई घालणार होतो. बोट लावलं, तर ती नाडीसारखी उडत होती."

"मग आता?"

"दोन्ही बाजूंनी बांधावी लागेल. दुसऱ्या वाटेनं यकृताला रक्त पुरलं तर वाचतील."

"आणि नाही पुरलं तर?"

"तशीच ठेवली तर फुटेल. एकदा गळलीच आहे, उलटीतलं रक्त त्याचंच."

नणंदेनं माझा दंड धरला. "वयनी, आबांना इचारल्याबिगर कसं सांगायचं?"

सासरे खालापूरकडे गावी होते. निरोप जाऊन ते यायला दुसरा दिवस उजाडला असता.

"आबा येईपर्यंत ती नस थांबंल का गं?" मी म्हटलं. ती रडायला लागली. मी डॉक्टरांना सांगितलं, "बांधा."

ऑपरेशननंतर नवऱ्याला ताप चढला, ग्लानी आली. मी पलंगाशेजारच्या लघवीच्या बाटलीकडेच बघत राहायचे. काळ्या चहासारखा तो रंग एका सकाळी फिका दिसला. मी सिस्टरला हाक मारून दाखवला, तेव्हा तीही हसली. मग हळूहळू डोळे निवळले. असा आजार क्वचितच सापडतो म्हणून शिकाऊ डॉक्टर घोळक्यानं येत. पलंगावरून नवरा मला म्हणाला, "एवढी माणसं आपल्या लग्नाला बी नव्हती गं."

आबा ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी आले होते, ते थेट मुलाच्या पायाशी बसले. सर्जन फेरीवर आले, तेव्हा उठून त्यांनी हात जोडून जयभीम केला. आबांना विचारलं नाही म्हणून ते रागावतील, या धास्तीनं मी भिंतीला टेकून उभी होते. नणंदेनं त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्याकडे वळले.

"जेवलीस का पोरी?"