वैजयंताबाईंनी लावलेला निकाल

शांती नगरच्या त्या इमारतीत कुणाचं काही अडलं, की लोक आधी वैजयंताबाईंचं दार वाजवत आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरीचं. रेशनकार्डावर नाव चढवायचं असो, बालवाडीत पोर घालायचं असो, नाहीतर रुसून बसलेल्या सुनेची समजूत काढायची असो, बाईंनी पदर खोचला की काम झालंच. शिक्षण सातवीपर्यंत. जालन्याकडच्या गावातून लग्न होऊन त्या आधी परळला दिराच्या घरात राहिल्या, आणि अठ्ठ्याऐंशी साली तात्यारावांनी मीरा रोडला वन रूम किचन घेतलं तेव्हा इथे आल्या. तेव्हा खिडकीतून मिठागरं दिसायची, संध्याकाळी घरात माणसांपेक्षा डास जास्त असायचे आणि नळाला पाणी नव्हतं. पहिला महिना बाई रडल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांनी टँकरपाशी हंड्यांची रांग लावली आणि ती कुणाला मोडू दिली नाही.

दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत इमिटेशन दागिन्यांचं काम चाले. भाईंदरच्या एका व्यापाऱ्याकडून कानातल्यांचे साचे आणि खड्यांच्या पुड्या येत. चिमट्याने खडा उचलायचा, गोंदाच्या थेंबावर ठेवायचा, हलकेच दाबायचा. समोरच्या घरातली रत्नागिरीची मनोरमा, भाईंदरजवळच्या डोंगरी गावातून लेकीकडे राहायला आलेली म्हातारी गोदूबाई आणि आणखी आठ-दहा जणी सवड होईल तशा येऊन बसत. बोटं साच्यावर आणि जीभ साऱ्या मीरा रोडभर.

बाईंची मुलगी पंचशीला लहानपणापासून हे बघत आली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मानसशास्त्राला एक छोटं संशोधन करायचं होतं, तेव्हा तिने हाच विषय घेतला. माणूस एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देऊ लागला की हातातलं काम मंदावतं, असं तिच्या पुस्तकात होतं. या बायकांचं तर तसं होताना तिला कधी दिसलं नव्हतं. तिने ठरवलं, एक दिवस बायकांना अगदी गप्प बसवून काम द्यायचं, एक दिवस हव्या तेवढ्या गप्पा मारू द्यायच्या, आणि दोन्ही दिवशी किती जोड झाले ते मोजायचं.

"म्हणजे आम्ही बोलतो ते पण आता अभ्यासात?" मनोरमा म्हणाली. "मग माझ्या सासूला बोलव. ती एकटी तुझी पीएचडी करून देईल."

काम सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात पंचशीला आरशासमोर वेणी घालत होती. पोळ्या लाटता लाटता बाईंनी सहज विचारलं, "पण तुला यातून काय यायला पाहिजे?"

"असं काही यायला पाहिजे नसतं, आई. जे येईल ते."

"तरी पण."

"तरी पण म्हणजे... मला वाटतंय, गप्पा मारताना काम जास्त होत असेल. तसं आलं तर छानच."

बाईंना एवढं पुरे होतं. नळाला आता पाणी येई, पण पुरत नसे, म्हणून टँकर अजून येई. त्याच दिवशी त्या रांगेत त्यांनी एकेकीला बाजूला घेतलं. पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे. गप्प बसायच्या दिवशी हात जरा आवरता घ्या, गप्पांच्या दिवशी चालवा. आणि तिच्यापाशी ब्र काढू नका, ती लाजेल. कुणी का म्हणून विचारलं नाही. एकीचं बाळंतपण निघालं तर सगळ्या मजल्यांवरून डबे जाणारी ती इमारत, एवढ्यासाठी काय विचारायचं?

निकाल असा स्वच्छ आला की पंचशीलाने दोनदा बेरीज तपासली. तिच्या कॉलेजच्या कारखानीस मॅडमनी तो वाचून तिचं नाव विद्यापीठात पाठवलं. विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग दरवर्षी फेब्रुवारीत बी.ए.च्या मुलांचा एक सोहळा करी. निरनिराळ्या कॉलेजांतून निवडलेली मुलं आपलं संशोधन मांडत, वर्षभरात काही करून दाखवलेल्यांचा सत्कार होई, चांगल्या कामाला बक्षीस मिळे. त्या वर्षीच्या यादीत पंचशीला आली.

घरात या गोष्टीला फार वजन होतं, कारण तात्यारावांनी तिला वजन दिलं होतं. ते टेलिफोन खात्यात लाईनमन. त्यांच्या खात्यात क्लार्कच्या जागा निघणार होत्या आणि मुलीने त्या परीक्षेला बसावं असं त्यांना वाटे. एम.ए. म्हणजे आणखी दोन वर्षं, आणि पुढे काय, हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. बाईंना मात्र पोरीने शिकावं असं मनापासून वाटे. त्यांनी आठवडाभर विषय लावून धरला तेव्हा तात्याराव म्हणाले, "ठीक आहे. मी त्या कार्यक्रमाला येतो. तिथल्या शिकलेल्या माणसांनी हिच्यात काही आहे असं म्हटलं, तर एम.ए., नाहीतर क्लार्कची परीक्षा. मग मला बोल लावायचा नाही."

"म्हणतील की," बाई म्हणाल्या. आतून त्या अगदी निर्धास्त होत्या.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी पंचशीलाने घरीच तालीम केली. भिंतीला तक्ता टांगला, त्यावर स्केचपेनने रंगवलेले दोन खांब. गप्प बसून केलेल्या कामाचा लाल, ठेंगणा; गप्पा मारत केलेल्या कामाचा हिरवा, जवळजवळ दुप्पट. ऐकायला मनोरमा आणि गोदूबाई होत्या.

"हिरवा खांब एवढा उंच येईल असं मलाही वाटलं नव्हतं," पंचशीला म्हणाली.

"येणारच गं," मनोरमा म्हणाली. "गप्प बसायच्या दिवशी मी दोनदा मोरीत जाऊन आले. पाय धुतले, नळाकडे बघत बसले."

"माजे बोटाला काय बी झालेला न्हाय त्या दिशी," गोदूबाईने हळूच भर घातली. "उगाच चिंधी बांधलेली."

दोघी खूश होऊन हसल्या. आता काम फत्ते झालंय, सांगायला काय हरकत, असा त्यांचा हिशेब. पंचशीला हसली नाही. तिने आईकडे पाहिलं, आणि बाईंनी स्वयंपाकघरात काहीतरी करपतंय असं दाखवलं.

शेजारणी गेल्यावर पंचशीला आत आली. "सगळ्याजणींना सांगितलं होतंस?"

"तुझ्या भल्यासाठीच सांगितलं ना?"

"आई, तो तक्ता खोटा आहे."

"खोटा कसा? खडे खरे बसवलेत. मोजलेस तू स्वतः."

"मी आता हे मांडणार नाही."

"वेडी आहेस का? कुणाला कळणार आहे? तिथली माणसं काय मनोरमाला विचारायला येणार आहेत?"

"मला कळलंय."

बाईंनी खूप समजावलं. वडील क्लार्कच्या परीक्षेला बसवतील म्हणून भीती घातली. मग एक वेळ पोळपाटही आपटला. पंचशीला भांडली असती तर बाईंनी तिला बोलून गप्प केलं असतं. ती भांडलीच नाही. तिने तक्ता उतरवला, गुंडाळला आणि कपाटावर ठेवला. कुणाची म्हणून कामं अडू न देणाऱ्या बाई, आणि त्यांच्याच हाताने घरातलं सगळ्यात मोठं काम अडलं होतं.

सकाळी पंचशीला मॅडमना नाव मागे घेते म्हणून सांगायला निघाली, तर बाई ठेवणीतली साडी नेसून दारात उभ्या.

"तू कशाला?"

"चूक कुणाची आहे?"

कॉलेजात त्या पहिल्यांदाच पाऊल टाकत होत्या. कारखानीस मॅडमसमोर बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "पोरीला यातलं काही माहीत नव्हतं, मॅडम. जे केलं ते मी केलं. तिचं नाव खोडू नका."

मॅडमनी दोघींना बसायला लावलं, सगळं ऐकून घेतलं. मनोरमाच्या मोरीपाशी त्यांना हसू आवरेना. मग चष्मा पुसत त्या पंचशीलाला म्हणाल्या, "आपल्याला काय हवंय हे लोकांच्या कानावर गेलं, की लोक तेच आणून हातात देतात. मोठमोठ्यांची संशोधनं यात बुडालीत. तुझंही बुडालं. आता दोन रस्ते आहेत. नाव मागे घे, किंवा जे झालं ते तिथे जसंच्या तसं मांड. पण मांडलंस तर बक्षिसाची आशा धरू नकोस. मोजमापच गेलंय."

पंचशीला आईकडे वळली. "मांडायचं तर तू काय केलंस ते सांगावं लागेल. बाबा समोर बसलेले असतील."

बाईंना तात्याराव दिसले, खुर्चीत ताठ, मांडीवर हात. बायकोने मुलीच्या अभ्यासात लबाडी केली हे चारचौघांत ऐकणारे. बक्षीस नाही म्हणजे एम.ए.ही गेलंच. वर ही शोभा. नाव मागे घे म्हणाल्या असत्या तर निदान झाकली मूठ राहिली असती, आणि पोरगी ऐकणारी होती.

"सांग," त्या म्हणाल्या. "फक्त आई म्हणू नकोस. एक बाई म्हण."

घरी गेल्यावर त्यांनी तात्यारावांना आधीच सगळं सांगून टाकलं. हॉलमध्ये धक्का बसण्यापेक्षा घरात बसलेला बरा. तात्याराव जेवायचे थांबले, म्हणाले, "तरीच," आणि परत जेवू लागले. त्या 'तरीच'चा अर्थ बाईंना दोन दिवस लागला नाही.

विभागाच्या हॉलमध्ये झेंडूची तोरणं होती, कोपऱ्यात चहाचं पिंप होतं. मुलांनी भिंतींना तक्ते लावले होते. एकेक जण उठून बोलत होता, निम्मे इंग्रजीत. सत्कार झाले, टाळ्या झाल्या. बाई मागच्या रांगेत. शेजारी मनोरमा, कारण तिला आणलं नसतं तर तिने वर्षभर ऐकवलं असतं.

पंचशीला उभी राहिली. तिने आपली कल्पना सांगितली, दोन खांब दाखवले आणि म्हणाली, "हे आकडे चुकीचे आहेत. ते का चुकले, तेवढंच मी आज सांगू शकते." हॉलमधली कुजबुज थांबली. मग तिने पोळ्यांपासून टँकरपर्यंत सगळं सांगितलं. मोरीही सांगितली. लोक हसले, तशी मनोरमा पदरात तोंड लपवून बाईंना म्हणाली, "हे कशाला सांगायचं होतं हिने?"

परीक्षकांत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "या बाईंनी असं का केलं असेल? कामावर परिणाम होईल हे त्यांना कळत नव्हतं?"

"कळत होतं, सर. पण मी आपली परीक्षा घेतेय असं त्यांना किंवा काम करणाऱ्या बायकांना वाटलंच नाही. परीक्षा माझी आहे आणि आपण मदतीला बसलोय, असं वाटलं. परकी बाई मोजायला आली असती तर त्यांनी रोजच्यासारखं काम केलं असतं. मी घरची होते, हे मी धरलंच नव्हतं. ती चूक माझी." तिने मागच्या रांगेकडे पाहिलं. "आणि सगळ्यांना सांगणाऱ्या त्या बाई म्हणजे माझी आई. ती मागे बसलीय."

माना वळल्या. बाईंना कुठे बघावं कळेना. त्यांनी मनोरमाच्या मांडीवरची पिशवी सरळ केली.

बक्षीस दुसऱ्या एका मुलीला मिळालं. तिने अंध मुलांच्या स्मरणशक्तीवर काम केलं होतं, आणि चांगलं केलं होतं, हे बाईंनाही कबूल करावं लागलं. समारोपाला विभागप्रमुख बाई पंचशीलाच्या तक्त्यापाशी येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "हे पुन्हा करा. या वेळी दुसऱ्या कुणाला तरी मोजायला बसवा. आणि एम.ए.ला इकडे आलात तर मला भेटा." माईकवर नाही, नुसतंच, जाता जाता. तात्याराव चार पावलांवर उभे होते.

कँटीनमध्ये चौघं चहाला बसले. बाई मनात शब्द जुळवत होत्या. माईकवर म्हटलं नसलं तरी म्हटलं ना, असं काहीतरी. त्यांनी तोंड उघडायच्या आत तात्याराव मुलीला म्हणाले, "आमच्याकडे लाईन बंद पडली ना, तर साहेब आधी विचारतो, फॉल्ट कुठे आहे? खांबावर चढणारे पुष्कळ मिळतात. फॉल्ट कुठे आहे ते सांगणारा मिळत नाही." त्यांनी बशीतला चहा संपवला. "तुझा सापडलाय. दोन वर्षं म्हणालीस ना?"

"हो, बाबा."

"कर मग."

मनोरमाने बाईंना कोपर मारलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या रागावून म्हणाल्या, "मग त्या दिवशी 'तरीच' कशाला म्हणालात? माझा जीव टांगणीला."

"गोदूबाईच्या बोटाला चिंधी होती आणि संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती. मी पाहिलं होतं," तात्याराव म्हणाले. "म्हटलं, तरीच."

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर पंचशीलाने काम पुन्हा मांडायला घेतलं. मोजायला तिची मैत्रीण मिनल बसणार होती, ती लांब राहणारी, इमारतीत तिला कुणी ओळखत नव्हतं. बायका निम्म्या जुन्या, निम्म्या पलीकडच्या सेक्टरमधल्या. वैजयंताबाईंना त्या दुपारी घरात थांबायची परवानगी नव्हती. हे त्यांना फार लागलं होतं, पण त्यांनी ऐकलं.

आदल्या दिवशी मनोरमा ताटावर झाकण ठेवून आंबोळ्या घेऊन आली. ताट देऊनही ती जाईना. जिन्याकडे एकदा बघून तिने आवाज खाली आणला.

"तर उद्या कसं करायचं? या वेळी पोरीला काय यायला हवंय?"

ओट्यापाशी पंचशीला तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ते मी तिला विचारलेलं नाही," वैजयंताबाई म्हणाल्या.