दोन घास

दिनांक ६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार, सकाळी सव्वासहा. साडेनऊला नगरमध्ये पत्नीच्या पोटाचा स्कॅन होता. महिनाभर तिची उजवी कूस दुखत होती आणि डॉक्टरांनी गाठीची शंका बोलून दाखवली होती. स्कॅन शिरेत औषध टोचून काढायचा होता. त्याआधी चार तास काही खायचे नाही, असे चिठ्ठीवर लिहिलेले होते. ती चिठ्ठी मीच तिला वाचून दाखवली होती.

आमच्याकडे बायका मागून जेवतात. लग्न झाल्यावर मी ते माझ्यापुरते मोडले. तिचे ताट वाढल्याशिवाय मी घास घेत नाही. गावात याबद्दल माझे नाव घेतले जाई आणि मला ते आवडत असे.

त्या सकाळी तिने माझ्यापुढे दूध-भाकरी ठेवली. मी हात लावला नाही.

"मला आज न्हाई चालायचं," ती म्हणाली. "तुमी खा."

"दोन घासांनी काय होतंय? बस."

ती बसली. दोनाचे पाच-सहा झाले.

नगरच्या स्कॅन केंद्रावर सुई टोचण्याआधी तिथल्या मुलीने विचारले, काही खाल्ले का. पत्नीने खरे ते सांगितले. मुलीने सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. या औषधाने उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते, आज करता येणार नाही, आता आठ दिवसांनंतरची वेळ मिळेल, असे ती म्हणाली. मग तिने पत्नीला विचारले, "आजी, घरी कुणी सांगितलं नव्हतं का?"

उत्तर मी दिले. "मी वाचून दाखवलं होतं. हिच्या लक्षात राहत नाही."

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. "भूक लागली हुती," एवढेच ती त्या मुलीला म्हणाली.

परतताना एसटीत ती कूस दाबून बसली होती. दुखते का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. घरी आल्यावर ती परसात गेली, तेव्हा मी केंद्रात फोन लावला. खाण्याचा आग्रह माझा होता, तिची चूक नव्हती, असे सांगितले. पलीकडच्या मुलीने आमची नोंद काढली. मग म्हणाली, "बरं. तारीख तीच ठेवायची ना, बाबा?"

मी हो म्हणालो. जे त्या मुलीला सांगितले, ते पत्नीला अद्याप सांगितलेले नाही.

संध्याकाळी तिला जेवण नको होते. मी आग्रह केला नाही. एकटाच जेवलो, उठलो आणि माझे ताट घासून पालथे घातले.