उपाशी मका आणि आमचा रविवारचा वर्ग

आमली या कारखान्यांच्या गावात मी दर रविवारी कारखान्यातल्या कामगारांना दहावीचं विज्ञान शिकवायचो. नव्वदच्या दशकाची अखेर होती. त्या वर्गाचे किस्से सांगायला बसलो की बायको आधी चहा टाकते. तिला माहीत आहे, मी एकावर थांबत नाही!

*

खतं समजावीत म्हणून धुतलेल्या वाळूत मक्याच्या दोन कुंड्या लावल्या. एकीला सगळी खतं. दुसरीला फॉस्फेट सोडून बाकीची. काही दिवसांनी दुसरीतली पानं जांभळी पडली.

अहिरे धुळ्याकडचा. शेजारच्या मसाटला धागा रंगवायच्या कंपनीत होता. वाकून बघत म्हणाला, "सर, शेड काय मस्त बसलाय!"

"अहिरे, ते उपाशी आहे."

तो एकदम सरळ उभा राहिला. "सॉरी," म्हणाला. मला नाही, मक्याला!

*

एका मासिकात नवीनच वाचलं होतं, ते वर्गात सांगितलं. फॉस्फेट झाडाच्या मुळांमध्ये आपोआप शिरत नाही. मुळाच्या पेशींना प्रथिनांची बारीक दारं असतात, ती त्याला आत ओढून घेतात. आणि मातीत फॉस्फेट कमी पडलं, की झाड अशी दारं वाढवतं.

अहिरे म्हणाला, "आमच्या कंपनीत उलटं हाय, सर. माल येईना झाला, की पहिला गेटवरच्या माणसाला काढतात!"

सगळे खो खो हसले. मागच्या बाकावरचे वाघ तेवढे हसले नाहीत. मागच्या महिन्यापर्यंत ते त्याच गेटवर होते.

*

एका रविवारी येऊन बघतो, तर उपाशी मका नुसता जांभळा नाही, चक्क करपलेला! पानांची टोकं जळालेली आणि वाळूत डीएपीचे, म्हणजे फॉस्फेटच्याच खताचे दाणे.

"कुणी घातलं?"

अहिरेनं हात वर केला. पाठोपाठ वाघांनी. मग पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या कल्पनाताईंनी. तिघांनीही एकमेकांना न सांगता मूठ-मूठ घातलं होतं!

मी चिडलो. "भुकेमुळे त्यानं सगळी दारं उघडी ठेवली होती. एकदम एवढं आत आलं, ते सोसलं नाही त्याला."

कल्पनाताई म्हणाल्या, "सर, डोळ्यांसमोर उपाशी ठेवायचं, ते आम्हाला सोसलं नाही."

आम्ही पुन्हा मका पेरला.

*

सराव परीक्षेत प्रश्न होता, 'प्रथिनांचे कार्य लिहा.' पुस्तकातलं उत्तर होतं, शरीराची वाढ करणे आणि झीज भरून काढणे. अहिरेनं दोनच शब्द लिहिले: 'दार उघडणे.'

काट मारायला लाल पेन उचललं. शेवटी पूर्ण मार्क दिले.

*

कल्पनाताईंबरोबर त्यांच्या सासूबाई यायच्या, नंदुरबारकडच्या. सून शिकेपर्यंत नातीला मांडीवर घेऊन दाराशी बसायच्या.

नव्यानं पेरलेल्या उपाशी रोपाचं खालचं पान सुकायला लागलं होतं. अहिरे ते तोडायला गेला, तसा मी ओरडलो, "थांबा! ते अजून कामात आहे. बाहेरून मिळेना झालं, की जुनं पान स्वतःतलं फॉस्फेट काढून वरच्या कोवळ्या पानाला पाठवतं. तिथंही तसलीच दारं."

दारातून आवाज आला, "किती दिवस देतं ते?"

सासूबाई पहिल्यांदाच बोलत होत्या.

"त्याच्याजवळ आहे तोवर, आजी."

"अन् वरच्या पानाला ठाऊक असतं का, कोण देतंय ते?"

नातीला थोपटत त्या सहज विचारून गेल्या होत्या. कल्पनाताई मात्र वहीवरून मान वर करीनात.

पुढच्या रविवारी वर्गात शिरलो, तर कल्पनाताई दाराशी बसलेल्या, पोरगी त्यांच्या मांडीवर. पहिल्या बाकावर सासूबाई. धुतलेलं लुगडं, पुढ्यात कोरी पाटी.

मी गोंधळलो. "ताई, आज तुम्ही इथं?"

"आज त्यांचा तास आहे, सर."